निळ्याचा कोपरा

११ जानेवारी

ही वही दवाखान्याच्या नोंदींसाठी आणली होती. पण आता नोंदी कॉम्प्युटरवर होणार आहेत, अशी बाईसाहेबांची सूचना आहे. वही कोरी राहिली. फुकट घालवण्यापेक्षा म्हटलं, आपणच काहीतरी लिहावं. तसंही घरात बोलायला आता माझ्या वाट्याला फारसं कुणी उरलेलं नाही.

बाईसाहेब म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला दोन महिने झाले. धाकटा एकोणपन्नास वर्षांचा, ती शेहेचाळीस, आणि दोघं एकमेकांना मीठ देताना अशी लाजतात की बघणाऱ्यानं पानाकडे बघत जेवावं. ती एका ऑफिसात घरांचे नि दुकानांचे नकाशे काढते. तिच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण मोजायची टेप असते.

धाकटा दातांचा डॉक्टर. दवाखाना खाली, घर वर. आईवडील गेले तेव्हा तो शाळेत होता. मी नोकरी करून त्याला शिकवलं, आणि त्यानं दवाखाना काढला त्या दिवसापासून, म्हणजे गेली बावीस वर्षं, दारासमोरच्या टेबलाशी मी बसते. दुखरी दाढ घेऊन येणारा माणूस आधी मला भेटतो, मग डॉक्टरला.

आज बाईसाहेब पेशंट बसतात ती खोली मोजत होत्या. तिथं खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवायचा म्हणे. लहान मुलं आत जायला घाबरतात, मासे बघून शांत होतील. मी म्हटलं, मुलांना शांत करायला मी आहे की. बावीस वर्षं मी रबरी हातमोजा फुगवून त्याचा कोंबडा करते, बोटांचा तुरा, पेनानं डोळे. तो कोंबडा हातात घेऊन किती मुलं हसत आत गेलीत. धाकटा म्हणाला, तुझा कोंबडा आहेच गं. त्या ‘आहेच’मध्ये कोंबडा नसल्यातच जमा होता.

मग ती म्हणाली, मासे ताईंनी निवडायचे. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं दिलं मला ते काम. शिवाय ती मला ताई म्हणते. त्या हाकेवर आजवर एकाच माणसाचा हक्क होता.

१४ जानेवारी

तिचा कागद माझ्या टेबलावर राहिला होता. उघडाच होता. म्हणजे घडी केलेला होता, पण घडी सैल होती.

खोलीचा नकाशा. भिंती, दार, बाकं. माझं टेबल म्हणजे एक चौकोन, मी म्हणजे एक गोल. पलीकडच्या भिंतीशी टँक. आणि माझ्यापासून टँकपर्यंत, खोलीच्या मधोमध, एक तुटक रेघ.

मी काही आजची नाही. एक्स-रेची खोली केली तेव्हा सुतारानं अशीच तुटक रेघ आखली होती, आणि आठ दिवसांत तिथं पार्टिशन उभं राहिलं. म्हणजे मला आता पार्टिशनच्या मागे टाकणार. नोंदी कॉम्प्युटरवर, मुलं माशांकडे, आणि म्हातारी फळीच्या आड. जेवताना मी एक शब्द बोलले नाही. धाकट्यानं विचारलं, डोकं दुखतंय का. मी हो म्हटलं. खरं तर दुसरंच काहीतरी दुखत होतं.

२० जानेवारी

बाईसाहेबांबरोबर माशांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराला मी मास्तर नाव ठेवलंय, कारण तो मासे विकत नाही, शिकवतो. आधी आपल्याला प्रश्न विचारतो आणि उत्तर चुकलं की मान हलवतो.

मला भिंतीजवळच्या मोठ्या टाकीतला निळा-पिवळा मासा आवडला. मास्तरांनी मान हलवली. हा हातभर वाढतो, तुमच्या शंभर लिटरांच्या टँकमध्ये त्याला वळताही यायचं नाही. बाईसाहेबांना एक नक्षीदार मासा आवडला, गालिच्यासारखा, दगडावरून सावकाश सरकणारा. पुन्हा मान हलली. त्याला दगडातले बारीक जिवंत किडेच लागतात, नव्या टँकमध्ये ते नसतात, समोर खाणं टाकलं तरी तो उपाशी मरेल. ती लगेच म्हणाली, मग नको बिचारा. इतकं समजूतदार कुणी असू नये. वाद घालायला जागाच ठेवत नाही.

मास्तरांनी सांगितलं ते लिहून ठेवते. लहान टँकमध्ये चार मासे पुष्कळ. खारं पाणी आणि दगड घालून महिनाभर टँक रिकामा चालवायचा, तोवर घाई करायची नाही. पाणी आटलं तर वरून साधंच घालायचं, कारण मीठ उडून जात नाही, मागेच राहतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शांत मासे आधी सोडायचे, भांडखोर शेवटी. जो आधी येतो तो सगळा टँक आपलाच समजतो. मग नंतरच्यांची खैर नाही.

मला त्यात काही चूक दिसली नाही. आधी आला म्हणजे त्याचंच असणार ना?

२ फेब्रुवारी

नुसते दगड आणि पाणी. पेशंट विचारतात, मासे कुठंयत. मी म्हणते, लाजतायत.

वरच्या पॅसेजमध्ये बाईसाहेबांचं खोकं अजून तसंच पडलंय. लग्नानंतर तिच्या जुन्या जागेतून आणलेलं. त्यावर तिच्या त्या नकाशातल्या सरळ अक्षरांत लिहिलंय, ‘स्वयंपाकघर’. रोज त्याला वळसा घालून जावं लागतं. तिनं पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, हे कुठं लावू. मी म्हटलं, फळ्यांवर तर जागा नाही. नाहीच आहे. पुन्हा तिनं काही विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. जुनी जागाही तिनं सोडलेली नाही. ऑफिसला जवळ पडते म्हणे. मन लागलं असतं तर सोडली असती, असं माझं मत.

२४ फेब्रुवारी

पाणी तयार झालं. मी एकटीच दुकानात गेले.

एका पेटीत करंगळीएवढा निळाशार मासा होता. बाकीचे मागे, हा काचेला नाक लावून माझ्याकडे बघत. मी बोट फिरवलं, तो बोटाबरोबर फिरला. कुणीतरी माझ्याकडे असं लक्ष देऊन बघितल्याला बरेच दिवस झाले होते. मास्तर म्हणाले, हा दिसतो गोड, पण एक नंबरचा भांडखोर. बाकीचे सोडलेत ना आधी?

मी म्हटलं, हो, सोडलेत.

तोंडातून निघून गेलं. मागे घेता आलं असतं, घेतलं नाही. दवाखान्यात येऊन पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी थेंबथेंब मिसळत तासभर बसले आणि मग सोडला. आधी घाबरला, मग डाव्या कोपऱ्यातल्या भोकाच्या दगडात शिरला आणि बाहेर आला तो मालक होऊन. नाव निळ्या. संध्याकाळी बाईसाहेब ऑफिसातून आल्या, बघितलं, म्हणाल्या, किती सुंदर निवडलात, ताई. मास्तर काय म्हणाले होते ते तिच्या लक्षात असणार. ती तरीही काही बोलली नाही.

१ मार्च

पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी आली होती. मी कोंबडा फुगवला, डोळे काढले, पुढे केला. तिनं घेतला, काखेत मारला आणि टँकसमोर जाऊन उभी राहिली. आत गेली तेव्हा कोंबडा बाकावर राहिला होता. हवा निघून त्याचा तुरा लोळत होता.

निळ्यावरसुद्धा मला राग आला, खोटं कशाला बोलू.

९ मार्च

दुसरा मासा तिनं आणला. पुढून पांढरा, मागे विस्तवासारखा लाल, आणि पाठीवर उभी शेंडी. ती शेंडी तो सारखी हलवतो, जसं काही कुणाला खूण करतोय. नाव अर्थात शेंडी. मास्तरांनी तिला दोनदा बजावलं होतं, हा भित्रा आहे, घाबरला की उडी मारतो, झाकणाला फट ठेवू नका. तिनं घरी बसून जाळीचं झाकण केलं. कोपरे मापून, कापून, क्लिपा लावून. एका कोपऱ्याला खाणं टाकायला लहानशी खिडकी. तिची कामं अशीच. दोष काढायला जागा नाही, म्हणून आणखीच डोळ्यांत खुपतात.

धाकटा दोन पेशंटच्या मधे बाहेर येऊन शेंडी बघत उभा राहतो. बावीस वर्षं तो माझ्या टेबलाशी चहा प्यायला यायचा. आता कप घेऊन तिकडे जातो.

१२ मार्च

निळ्या शेंडीला टँकभर पिटाळतो. खायला टाकलं की आधी त्याला हाकलतो, मग निवांत खातो. शेंडी पाण्याच्या मोटारीच्या नळीमागे उभा राहून नुसती शेंडी हलवतो. मी टेबलाशी बसून बघत होते. मला बरं वाटलं. असं लिहायला नको, पण वही माझी आहे.

ती ऑफिसातून आली की आधी टँककडे जाते. आज बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ताई, त्याला कुठंच जागा देत नाही हो तो. मी म्हटलं, तो आधीपासून आहे. ती वर गेली. वर जाताना पॅसेजमधल्या खोक्याला तिचा पाय लागल्याचा आवाज आला.

१७ मार्च, सोमवार

काल रविवार, दवाखाना बंद होता. आज सकाळी मी उघडायला गेले. शेंडी टँकमध्ये नव्हता. बाकाखाली सापडला, कडक झालेला, रंग गेलेला. शेंडी पाठीला चिकटून बसली होती.

खाणं टाकायची खिडकी उघडी होती. शनिवारी खाणं मी टाकलं. खिडकी मी लावली होती.

ती खाली आली, गुडघ्यांवर बसली, नोंदवहीच्या कागदात त्याला गुंडाळलं आणि बाहेरच्या कुंडीत पुरलं. कुणाला काही विचारलं नाही. हात धुऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहून अगदी हळू आवाजात म्हणाली, “मी त्याला आणायलाच नको होतं, ताई. इथं जागा आधीच भरलेली होती.”

मग ऑफिसला गेली.

१८ मार्च

खिडकी मी लावली होती का?

१९ मार्च

नाही लावली. खाणं टाकलं, तेव्हा निळ्या त्याला पिटाळत होता आणि शेंडी वर वर येत होता. खिडकीची क्लिप सुटलेली मला दिसली. हात पुढे केला तर लागली असती. तेवढ्यात वरून दोघांच्या हसण्याचा आवाज आला, आणि मी हात मागे घेतला. मुद्दाम केलं असं म्हणवत नाही. चुकून झालं असंही म्हणवत नाही.

२१ मार्च

ती काही दिवस तिच्या जुन्या जागेत राहणार आहे. ऑफिसात काम वाढलंय म्हणे. एक लहान बॅग नेली. खोकं नेलं नाही. धाकट्यानं तिला रस्त्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन जिन्यावरच बसून राहिला.

मला हवं होतं ते झालं.

२४ मार्च

धाकटा अर्धं जेवतो आणि उठतो. चहाला माझ्या टेबलाशी येतो, आधीसारखा, पण कपात बघत बसतो. टँककडे फिरकत नाही. आज एका पेशंटला त्यानं उजवीऐवजी डावीकडे इंजेक्शन द्यायची तयारी केली होती. पेशंटनंच हात धरला म्हणून बरं.

निळ्याला आता सगळा टँक मोकळा आहे. तरी तो कोपऱ्यातल्या भोकाशीच राखण करत फिरतो. कुणापासून राखतोय, त्यालाच ठाऊक.

२५ मार्च

न राहवून मी धाकट्याला विचारलंच. पार्टिशन कधी उभं करणार आहात? तो म्हणाला, कसलं पार्टिशन? मी ड्रॉवरमधून तो नकाशा काढला, मीच ठेवून घेतला होता, आणि त्या तुटक रेघेवर बोट ठेवलं. एक्स-रेच्या खोलीच्या वेळचा सुतारही सांगितला.

त्यानं कागद हातात घेतला. त्या रेघेवरून माझ्या गोलापासून टँकपर्यंत बोट फिरवलं.

“ही नजर आहे, ताई. तुझ्या खुर्चीतून टँक कुठं ठेवला तर नीट दिसेल, ते तिनं मोजलं होतं. म्हणाली, पेशंट दहा मिनिटं बसतात, ताई दिवसभर बसतात.”

आत पेशंट होता, म्हणून तो गेला. मी खुर्चीत बसून समोर बघितलं. मधे काही नाही. बाक आडवं येत नाही, दार उघडलं तरी आडवं येत नाही, उजेडाची चमक नाही. पूर्ण टँक दिसतो, निळ्याच्या कोपऱ्यासकट. दोन महिने मी इथूनच तर सगळं बघत होते, आणि मला एकदाही प्रश्न पडला नाही की मला इतकं नीट दिसतंय कसं.

२६ मार्च

मास्तरांकडे गेले आणि खोटं बोलले होते ते सांगितलं. त्यांनी मान हलवली नाही. ते जास्त लागलं. म्हणाले, बरेच जण बोलतात असं.

उपाय आहे म्हणाले. निळ्याला काढून थोडे दिवस वेगळ्या टबात ठेवायचं. टँकमधले सगळे दगड उचलून नव्यानं रचायचे, एकही जुन्या जागी ठेवायचा नाही. मग शांत मासे सोडायचे. ते रुळले की शेवटी निळ्याला आत घ्यायचं. आपला कोपराच सापडला नाही की तोही पाहुण्यासारखा वागतो. मी विचारलं, त्रास होतो का त्याला? म्हणाले, सुरुवातीला होतो. दोन दिवस वेड्यासारखा फिरतो. मरत नाही.

तिथून मी तिच्या जुन्या जागेवर गेले. दोन खोल्या, सगळं जागच्या जागी, भिंतीवर एकसुद्धा खिळा वाकडा नाही. मला दारात बघून ती घाबरली, विचारलं, ते बरे आहेत ना? मी म्हटलं, बरा आहे, जेवत नाही एवढंच. मग खिडकीचं सांगितलं. क्लिप, हात, हसण्याचा आवाज, सगळं. सांगताना तिच्याकडे बघवलं नाही, म्हणून टेबलावरच्या पट्टीकडे बघत बोलले.

ती रडली. माझ्यासाठी नाही, माशासाठी. नंतर कदाचित थोडं स्वतःसाठी. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नव्हती. मी एवढंच म्हटलं, “दगड हलवायचेत. एकटीच्यानं होणार नाही माझ्या.”

तिनं डोळे पुसले आणि पर्समध्ये टेप आहे का ते बघितलं.

२७ मार्च

दवाखाना दुपारी बंद ठेवला. निळ्याला पकडायलाच अर्धा तास गेला. ती जाळी धरायची, मी हाकलायची, आणि तो दोघींना चकवायचा. शेवटी भोकाच्या दगडासकटच त्याला उचलला. तेवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगते, शेवटपर्यंत सोडला नाही त्यानं कोपरा.

मग दोघी कोपरापर्यंत पाण्यात. प्रत्येक दगड काढला, उलटा केला, दुसरीकडे लावला. ती मागे सरकून बघायची आणि म्हणायची, हा डावीकडे. मी म्हणायची, डावीकडे आधी होता, नको. माझं बोट एका दगडाच्या धारेनं कापलं, त्यात खारं पाणी. तिनं दवाखान्यातला कापूस आणून बांधलं. धाकटा दारात उभा होता. मदत करू का म्हणून त्यानं विचारलं, दोघींनीही नको म्हटलं.

२८ मार्च

मास्तरांकडून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी आणली आणि एक कोळंबी, जी माशांचं अंग साफ करते. आम्ही दोघी गेलो होतो. शेंडीसारखा आणखी एक पेटीत होता. ती त्याच्यापुढे उभी राहिली, मीही राहिले. कुणी घ्यायचं नाव काढलं नाही. अजून नको.

रात्रीचं जेवण तिनं आमच्याकडे घेतलं. झोपायला जुन्या जागी गेली.

२९ मार्च, शनिवार

स्वयंपाकघराच्या फळ्या पुसायच्याच होत्या. वर्ष झालं असेल. सकाळी मी सगळे डबे खाली काढले, सगळे म्हणजे सगळे, जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. आईच्या वेळचा मिठाचा डबाही काढला, जो आजवर खिडकीशेजारून हलला नव्हता. फळ्या पुसल्या, वाळल्या, आणि मी तशीच बसून राहिले.

अकरा वाजता ती आली. दारात थबकली. मी म्हटलं, पॅसेजमधलं खोकं आण आत, वर्षभर काय तिथं ठेवायचंय का. तिनं आणलं. चिकटपट्टी फाडली. आत चार डबे, एक किसणी, दोन कप आणि कागदात गुंडाळलेला एक खलबत्ता. एवढ्याशाला मी चार महिने जागा नाही म्हणत होते.

“काय कुठं लावू?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, तूच ठरव, तुला मापं कळतात. पण एक अट. जुन्या जागी काही ठेवायचं नाही.

तिनं मग टेप काढली.

७ एप्रिल

तिनं जुनी जागा सोडायची नोटीस दिली. मला जेवताना सांगितलं, सहज सांगावं तसं. मी वाढता वाढता बरं म्हटलं.

९ एप्रिल

काल निळ्याला टँकमध्ये परत सोडला. दिवसभर एकेका दगडाला नाक लावत फिरला. पट्ट्यांची जोडी समोर आली तर तोच बाजूला झाला. भोकाचा दगड आता मध्यावर उलटा आहे. दोनदा त्याच्यावरून गेला, पण ओळखला नाही. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी. दात पडलेली मुलगी दात दाखवायला आली होती, एक उगवलाय. तिनं विचारलं, हा हरवलाय का. मी कोंबडा फुगवून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, हो, पण घरातच हरवलाय.

सकाळी चहाला उशीर झाला, ते लिहायचं राहिलं. साखर सापडेना. नवी मांडणी होऊन दहा दिवस झाले तरी रोज काहीतरी हरवतं. मी तीन डबे उघडले, तिनं दोन. धाकटा बाहेरून ओरडला, दोघी मिळून एक चहा होईना का.

“ताई, साखर कुठं ठेवायची ठरलं होतं आपलं?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “मला काय विचारतेस? मीही इथं नवीनच आहे.”